रौप्यकण आणि पुसणारे हात

ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’ या १९४१ सालच्या बोलपटात एक प्रसंग असा आहे की, केनचा जुना विश्वासू सहकारी बर्नस्टाइन आपल्या कचेरीत बसून, तरुणपणी फेरीबोटीवर क्षणभर दिसलेल्या आणि पुढे जन्मभर न विसरलेल्या एका मुलीची आठवण सांगत असतो, आणि त्याच्या पाठीमागच्या खिडकीबाहेर पावसाची संततधार चालू असते. साठ वर्षे जगभरच्या प्रेक्षकांनी हा पाऊस पाहिला. परंतु २००१ साली हाच चित्रपट डीव्हीडीच्या तबकडीवरून घरोघरी गेला, तेव्हा खिडकी जागच्या जागी होती, बर्नस्टाइन होता, त्याची आठवणही होती, आणि पाऊस तेवढा नाहीसा झाला होता. तो कोणी हेतुपुरस्सर काढलेला नव्हता. चित्रातील जी रवाळ थरथर या व्यवसायात ग्रेन या नावाने ओळखली जाते, ती शमविण्याचे काम यंत्राकडे सोपविलेले होते, आणि काचेमागून झरणारे बारीक थेंब व फितीचे स्वतःचे कण यांत यंत्राच्या लेखी कोणताच भेद नव्हता. दोन्ही सूक्ष्म, दोन्ही चंचल, दोन्ही या चौकटीत एका ठिकाणी तर पुढच्या चौकटीत भलत्याच ठिकाणी. दहा वर्षांनी, २०११ साली, त्याच चित्रपटाची नवी ब्लू-रे तबकडी निघाली आणि तिच्यात पाऊस परत आला. या दोन तबकड्यांच्या दरम्यानचा काळ हा चित्रपटांच्या जतनाच्या इतिहासातील एक विलक्षण कालखंड होय. कारण ज्या वर्षांत जुन्या चित्रपटांवर इतका पैसा, इतकी बुद्धी आणि इतके परिश्रम खर्च झाले की तसे पूर्वी कधी झाले नव्हते, त्याच वर्षांत त्यांतील कित्येकांची हानीही सर्वांत अधिक झाली, आणि ती त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांच्याच हातून झाली.

ही गोष्ट नीट समजावयाची तर आधी फितीच्या अंतरंगात थोडे शिरले पाहिजे. चित्रफीत म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात विखुरलेले चांदीच्या क्षाराचे अगणित स्फटिक. भिंगातून आलेला प्रकाश ज्या स्फटिकांवर पडतो त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारा एक पालट होतो. फीत धुताना डेव्हलपरच्या द्रावणात त्या स्फटिकांचे शुद्ध चांदीच्या काळ्या कणांत रूपांतर होते, आणि ज्यांना प्रकाशाचा स्पर्श झाला नाही ते हायपोच्या द्रावणात विरघळून निघून जातात. मागे जे उरते तेच चित्र. रंगीत फितीत ही चांदीही शेवटी काढून टाकतात आणि तिच्या ठिकाणी रंगद्रव्याचे सूक्ष्म ढग राहतात. पण ते ढग कोठे असावेत याचा निर्णय चांदीने आधीच करून ठेवलेला असतो. तेव्हा ग्रेन ही चित्रावर बाहेरून येऊन बसलेली वस्तू नव्हे, की ती झाडून टाकली म्हणजे खाली निर्मळ चित्र सापडेल. नायकाचा डोळा, नायिकेच्या पदराची किनार, भिंतीवरची सावली ही सारी त्या कणांचीच बनलेली आहेत, आणि कण वजा केले तर शिल्लक शून्य उरते.

शिवाय हे स्फटिक थरात कोणत्याही शिस्तीने मांडलेले नसतात. प्रत्येक चौकटीत त्यांची रचना निराळी असते, आणि सेकंदाला चोवीस चौकटी डोळ्यांपुढून जाऊ लागल्या की दृष्टी त्या सर्वांची आपोआप बेरीज करते. एकेकटी चौकट थांबवून पाहिली तर खरबरीत दिसणारा चेहरा पडद्यावर चालता झाला की सजीव आणि तपशिलाने भरलेला भासतो, याचे कारण हेच. जो तपशील एका चौकटीला सामावून घेता येत नाही तो फीत अनेक चौकटींवर विभागून ठेवते. चित्रपटाच्या पडद्यावर स्थिर वस्तूही, म्हणजे एखादी रिकामी खोली किंवा निरभ्र आकाशदेखील, जी मंद स्पंदने घेतल्यासारखी वाटते, ती या कणांच्या अखंड अदलाबदलीमुळे.

स्फटिक जितका मोठा तितका तो थोड्या प्रकाशाने जागा होतो, आणि तितकाच तो पडद्यावर ठळक दिसतो. म्हणून कोणत्या प्रसंगासाठी कोणती फीत घ्यावी, ती किती प्रकाशात वापरावी आणि किती वेळ धुवावी, हे प्रश्न छायालेखकाच्या कलेचे अगदी गाभ्यातले प्रश्न होते. ‘सिटिझन केन’चे छायालेखक ग्रेग टोलंड यांना पडद्यावरची अगदी जवळची व अगदी दूरची वस्तू एकाच वेळी स्पष्ट हवी होती, त्यासाठी भिंगाचे छिद्र बारीक करणे भाग होते, छिद्र बारीक केले की प्रकाश कमी पडणार, आणि ती तूट भरून काढण्यासाठी त्यांनी प्रखर दिव्यांच्या जोडीला कोडॅक कंपनीची, त्या काळी नवीनच निघालेली, सुपर डबल-एक्स ही शीघ्रग्राही फीत वापरली. त्या बोलपटातील ग्रेन हा अशा रीतीने त्याच्या कीर्तीस कारण झालेल्या खोल दृश्यरचनेचे जाणूनबुजून मोजलेले मूल्य आहे. ते पुसणे म्हणजे टोलंड यांनी केलेल्या एका सौद्याचा दस्तऐवज फाडून टाकणे होय.

येथे एक गुंतागुंत सांगितली पाहिजे, कारण पुढचा सारा वाद तिच्यातूनच उद्भवला. प्रेक्षक पाहतो ती प्रिंट मूळ निगेटिव्हपासून पुष्कळदा तीन पिढ्या दूर असते: निगेटिव्हवरून मास्टर पॉझिटिव्ह, तीवरून दुय्यम निगेटिव्ह, आणि तीवरून प्रिंट. प्रत्येक नकलेत त्या त्या फितीचे स्वतःचे कण मूळच्या कणांत मिसळतात. ‘केन’चे मूळ निगेटिव्ह १९७०च्या दशकात आगीत नष्ट झालेले असल्यामुळे आज जे काही आहे ते नकलांतूनच मिळालेले आहे. १९५०च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेटच्या ज्वालाग्राही फितीवर निघत, आणि अशा आगींनी किंवा नुसत्या कुजण्याने किती अस्सल चित्रे गेली याची मोजदाद करणे मोठे कष्टाचे आहे. म्हणजे जुन्या चित्रपटात दोन प्रकारचा ग्रेन असतो. एक कॅमेऱ्यात जन्मलेला आणि एक नक्कल करताना साठत गेलेला. पहिला कृतीचा भाग आहे, दुसरा तिच्या प्रवासाचा मळ आहे. दुसरा कमी करू पाहणाऱ्याला दोष देता येत नाही. पण दोन्ही एकाच पृष्ठभागावर, एकमेकांत पूर्ण मिसळून गेलेले असतात, आणि त्यांना वेगळे ओळखण्यास यंत्राच्या वेगापेक्षा तज्ज्ञाच्या डोळ्यांचा संयम अधिक लागतो.

व्हीएचएसच्या काळात हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. त्या फितीवर चित्र इतके धूसर उमटे की कण तर राहोत, कथानायकाच्या पापण्याही दिसत नसत. प्रश्न आला तो १९९७ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या डीव्हीडीमुळे, आणि तोही सौंदर्यदृष्टीने आला नसून निव्वळ हिशेबाने आला. दोन तासांचा चित्रपट त्या लहानशा तबकडीवर बसवायचा तर त्याचा संक्षेप केला पाहिजे. आणि संक्षेपाची युक्ती अशी की, एक चौकट पूर्ण नोंदवावी व पुढच्या चौकटींत तिच्यापेक्षा जे बदलले असेल तेवढेच लिहावे. मागची भिंत हलली नाही तर तिची पुन्हा नोंद नको. ग्रेन ही सारी मांडणी उधळून लावतो, कारण कणांच्या दृष्टीने प्रत्येक चौकटीत भिंत नवीन असते. मग तबकडीवरची मर्यादित जागा भिंतीवरच्या कणांची नोंद ठेवण्यातच संपू लागते आणि चेहऱ्यांच्या वाट्याला ओबडधोबड चौकोन येतात. अशा परिस्थितीत संक्षेपापूर्वी ग्रेन कमी करून टाकावा, ही तजवीज तंत्रज्ञांना सुचली नसती तरच नवल.

या कामात सर्वांत मोठे नाव झाले ते जॉन लाउरी या कॅनडात जन्मलेल्या तंत्रज्ञाचे. १९७२ साली अपोलो १६ आणि १७ या चांद्रमोहिमांतून येणारे दूरचित्रवाणीचे अस्पष्ट, गोंगाटाने भरलेले चित्र स्वच्छ करण्यासाठी त्यांच्या संस्थेची पद्धत नासाने वापरली होती. शेजारशेजारच्या चौकटी एकमेकींशी ताडून पाहाव्यात, जे सर्वांत कायम राहते ते चित्र समजावे, जे एकीतच आढळते ते विकार समजून वगळावे, हे त्या पद्धतीचे बीज. चंद्रावरून येणाऱ्या लहरींच्या बाबतीत ते अक्षरशः खरे होते, कारण तेथील गोंगाट खरोखरच बाहेरून आलेला होता. १९९८ साली कॅलिफोर्नियातील बरबँक येथे त्यांनी लाउरी डिजिटल ही संस्था काढली, शेकडो मॅकिन्टॉश संगणक एकत्र जोडले, आणि हिचकॉक यांच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’पासून आरंभ करून ‘सनसेट बुलेव्हार्ड’, ‘स्टार वॉर्स’ची पहिली त्रयी, जेम्स बाँडचे चित्रपट असे मोठमोठे काम हाती घेतले. ओरखडे, धूळ, लपलपणारा प्रकाश, जागेवरून हलणाऱ्या चौकटी या खऱ्या जखमांवर लाउरी यांच्या यंत्रांनी जे उपचार केले त्यांबद्दल चित्रपटप्रेमी जगाने कृतज्ञच राहावे. २०१२ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने या पद्धतीच्या निर्मात्यांना शास्त्रीय पारितोषिक दिले ते योग्यच झाले. दोष पद्धतीचा नव्हता. चंद्रावरच्या गोंगाटाला लागू असलेला नियम चांदीच्या कणांना लावताना मर्यादा कोठे आखावी, हे ठरविण्याचा अधिकार ज्या व्यापारी कचेऱ्यांकडे होता, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तो विचारपूर्वक वापरला, ही खरी कैफियत आहे.

व्यंगपटांच्या बाबतीत तर एक पोटभेद उत्पन्न झाला. डिस्नेच्या चित्रांत मूळ कृती म्हणजे काचेसारख्या पारदर्शक पत्र्यावर हाताने काढलेले व रंगविलेले चित्र. कॅमेऱ्याने त्याची केवळ नोंद घेतली. तेव्हा ग्रेन काढला तर आपण कलावंताच्या अधिक जवळ जातो, असा युक्तिवाद होता. तो ऐकताना पटतो. प्रत्यक्षात मात्र कणांबरोबर शाईच्या बारीक रेषाही विरू लागल्या, आणि २०१३ साली ‘द सोर्ड इन द स्टोन’ची ब्लू-रे निघाली तेव्हा त्या चित्रपटाचे सारे वैशिष्ट्य असलेली खरबरीत पेन्सिलरेषा पातळ रंगाच्या लेपाखाली बुडाल्यासारखी दिसली. ‘सिंड्रेला’च्या पोशाखावरील हरवलेल्या रेषा परत येण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

ब्लू-रे २००६ साली आली. तिच्यावर जागा विपुल होती, चित्राची स्पष्टता डीव्हीडीच्या कितीतरी पट होती, आणि हिशेबाची ती जुनी सबब आता उरली नव्हती. रास्त अपेक्षा अशी की, आता तरी फीत जशी आहे तशी घरात यावी. झाले उलटे. ज्या गिऱ्हाइकांनी हजारो रुपयांचे नवे सपाट दूरदर्शनसंच घेतले होते त्यांना या संचाची कीर्ती म्हणजे काचेसारखे गुळगुळीत चित्र अशी सांगण्यात आली होती. त्यावर चित्रपटाचा ग्रेन दिसू लागताच तबकडी सदोष आहे अशा फिर्यादी येऊ लागल्या. ‘द थर्ड मॅन’सारख्या कृष्णधवल चित्रपटाची नेकीने केलेली तबकडीसुद्धा या आक्षेपातून सुटली नाही. विक्रेत्यांनी फिर्यादी ऐकल्या आणि ग्रेन पुसण्याचा सपाटा पूर्वीपेक्षाही वाढला.

या काळातील तीन उदाहरणे जाणकारांच्या तोंडी कायमची बसली आहेत. १९७०चा ‘पॅटन’ हा युद्धपट छायालेखक फ्रेड कोनकँप यांनी ६५ मिलिमीटरच्या रुंद निगेटिव्हवर घेतलेला. म्हणजे त्याचा ग्रेन मुळातच इतका सूक्ष्म की पुसण्यासारखे जवळजवळ काही नव्हते. २००८च्या ब्लू-रेमध्ये तोही पुसला गेला, आणि त्याबरोबर गणवेशाच्या लोकरीचा पोत, युद्धभूमीवरची माती, चेहऱ्यावरची रंध्रे, सारेच गेले. जो चित्रपट या तबकडीचे सामर्थ्य दाखवू शकला असता तोच तिच्या दुरुपयोगाचा दाखला होऊन बसला. २०१० साली ‘प्रिडेटर’ची नवी आवृत्ती निघाली. हा चित्रपट दाट अरण्याच्या अंधुक प्रकाशात घेतलेला असल्यामुळे त्याचा ग्रेन ठळक होता, आणि आधीच्या आवृत्तीत तो तसाच होता. नव्या आवृत्तीत घामाघूम सैनिकांचे चेहरे मेणाचे झाले. तिसरे उदाहरण ‘ग्लॅडिएटर’चे, आणि त्याने ‘केन’च्या पावसाची आठवण करून दिली. २००९च्या तबकडीत आरंभीच्या लढाईतले काही जळते बाण मध्येच अदृश्य झाले. कारण एका-दोन चौकटींत दिसून नाहीसा होणारा ठिपका म्हणजे धूळ, असा यंत्राला दिलेला हुकूम होता, आणि वेगाने जाणारा बाण एका-दोन चौकटींपलीकडे दिसत नाही. पुढच्याच वर्षी ती तबकडी बदलून दिली गेली. ‘पॅटन’ही २०१२ साली नव्याने निघाला. या दुरुस्त्या घडून आल्या त्या प्रेक्षकांच्या चिकाटीमुळे, आणि रॉबर्ट हॅरिस यांच्यासारख्या जीर्णोद्धारकांनी निर्भीडपणे केलेल्या जाहीर टीकेमुळे.

हॅरिस यांचा उल्लेख आला म्हणून त्यांनीच २००८ साली पूर्ण केलेल्या ‘गॉडफादर’च्या जीर्णोद्धाराकडे वळतो, कारण त्या काळोख्या वर्षांत योग्य मार्ग कोणता हे त्या कामाने दाखवून दिले. १९७२च्या त्या चित्रपटाची लोकप्रियताच त्याच्या निगेटिव्हच्या मुळावर आली होती. इतक्या प्रिंट थेट त्यावरून काढल्या गेल्या की ते चिरफाळले, उसवले, जागोजागी नकलेचे तुकडे लावून सांधले गेले. छायालेखक गॉर्डन विलिस यांनी तो चित्रपट मुद्दाम इतक्या अंधारात ठेवला होता की कित्येक प्रसंगांत डॉन कॉर्लिओनीचे डोळेही दिसू नयेत; आणि अंधारात घेतलेल्या चित्रात ग्रेन असणारच. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी पॅरामाउंटकडे शब्द टाकल्यावर काम सुरू झाले. निगेटिव्हचे सूक्ष्म स्कॅनिंग झाले, फाटलेले सांधे चौकटी-चौकटीने जुळविले गेले, रंगांची रुजुवात जुन्या टेक्निकलर प्रिंटशी करून पाहिली गेली, विलिस यांचा सल्ला पावलोपावली घेतला गेला. आणि ग्रेनला हात लावला नाही. कोणी अंधार उजळला नाही, कोणी डोळे शोधून काढले नाहीत. सोनी पिक्चर्सचे ग्रोव्हर क्रिस्प यांनीही त्याच सुमारास आपल्या संग्रहातील कृष्णधवल चित्रपट ग्रेनसह बाहेर काढण्याचे धोरण ठेवले, आणि तक्रारींपुढे माघार घेतली नाही. २०१२च्या आगेमागे वारे फिरले. मोठ्या संस्थांना कळून चुकले की, जुने चित्रपट विकत घेऊन जपणारा वर्ग लहान असला तरी तोच खरा ग्राहक आहे, आणि त्याला मेण नको आहे.

परंतु या निवाड्यावर एक अपील अद्याप प्रलंबित आहे. चित्रपट ज्याचा त्या दिग्दर्शकालाच ग्रेन नको असेल तर काय? जेम्स कॅमेरॉन यांना ‘एलियन्स’च्या त्या वेळच्या फितीचा ग्रेन कधीच आवडला नव्हता, २०१०च्या ब्लू-रेसाठी त्यांनी तो कमी करवून घेतला, आणि २०२४ साली निघालेल्या ‘एलियन्स’, ‘ट्रू लाइज’, ‘द अबिस’ यांच्या नव्या तबकड्यांत यंत्र-शिक्षणावर आधारलेल्या साधनांनी तो जवळजवळ नाहीसाच केला, एवढेच नव्हे, तर यंत्राने चेहऱ्यांवर व केसांवर स्वतःच्या कल्पनेने नव्या कडा काढल्या. ‘फ्रेंच कनेक्शन’च्या २००९च्या आवृत्तीत दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी रंग फिके करून टाकले, तेव्हा त्या चित्रपटाचे छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी उघडपणे तीव्र नापसंती व्यक्त केली, आणि २०१२च्या आवृत्तीत मूळ रंग परत आले. माझे मत स्पष्ट आहे. चित्रपट प्रदर्शित झाला त्या दिवशी तो एका पिढीच्या सामाईक स्मृतीची मालमत्ता झाला. कर्त्याला त्याची दुसरी आवृत्ती काढण्याचा अधिकार आहे, पहिली बाजारातून उठविण्याचा नाही. आपल्याकडे २००४ साली ‘मुगल-ए-आझम’ संपूर्ण रंगवून पुन्हा प्रदर्शित करण्यात आला तेव्हा निदान कृष्णधवल चित्र उपलब्ध राहिले. ते राहिले नसते, तर शीशमहालातील रंगीत दृश्याचा जो धक्का १९६०च्या प्रेक्षकांना बसला तो पुढच्या कोणालाही कळला नसता.

हा सारा इतिहास माझ्या दृष्टीने एका भारतीय कामात परिणतीस पोहोचतो. सत्यजित राय यांना १९९२ साली मानद ऑस्कर देताना त्यांच्या चित्रपटांच्या प्रिंटची दुरवस्था अकादमीच्या ध्यानी आली, आणि त्यांच्या निधनानंतर जतनाच्या कामासाठी मूळ निगेटिव्हे कलकत्त्याहून लंडनला गेली. तेथे हेंडरसन फिल्म लॅबोरेटरीज या प्रयोगशाळेला जुलै १९९३ मध्ये आग लागली, आणि ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’, ‘अपूर संसार’ यांची अस्सल निगेटिव्हे तीत होरपळली. जळलेल्या, वितळून एकमेकांना चिकटलेल्या रिळांचे त्या वेळी काहीच करता येण्यासारखे नव्हते. तरीही ती टाकून न देता अकादमीच्या संग्रहात जपून ठेवावीत, असे ज्यांनी ठरविले त्यांच्या दूरदृष्टीला नमस्कार केला पाहिजे, कारण तब्बल वीस वर्षे त्या राखेसारख्या मुद्देमालाचा उपयोग काय, हे कोणालाच सांगता येत नव्हते. २०१३ साली क्रायटेरियन या प्रकाशनसंस्थेने ती रिळे मागविली व इटलीतील बोलोन्या येथील ‘लिमाजिने रित्रोव्हाता’ या प्रयोगशाळेकडे सोपविली. तेथील कारागिरांनी शुष्क, ठिसूळ फितीला द्रावणांनी पुन्हा लवचिकपणा आणला, सांध्यांवरचा डिंक व मेण खरवडले, जळून गेलेल्या छिद्रांच्या कडा हाताने नव्याने बसविल्या. या शारीरिक कामालाच हजाराच्या आसपास तास लागले. ‘पथेर पांचाली’च्या निगेटिव्हचा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग वाचला. ‘अपूर संसार’च्या निगेटिव्हचा जो भाग उरला होता तो वापरण्याजोगा नव्हता, तेथे आणि इतर गाळलेल्या जागी जगातील निरनिराळ्या संग्रहांतील मास्टर पॉझिटिव्हे व दुय्यम निगेटिव्हे कामी आली.

आता विचार करावा की एकाच चित्रपटात काही प्रसंग अस्सल निगेटिव्हवरून आणि लगतचे प्रसंग नकलेवरून आलेले, म्हणजे दोन जातींचा ग्रेन शेजारी शेजारी. सारे एका मापाने घासून सपाट करण्याचा मोह कोणालाही व्हावा अशीच ही स्थिती होती. छायालेखक सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’तील बनारसच्या अंगणाचा देखावा स्टुडिओत उभारताना वर पांढरे कापड ताणून त्यावरून दिवे परावर्तित केले होते, आणि आकाशातून उतरणारा सावल्यारहित मवाळ प्रकाश साधला होता, तो प्रकाश ज्या करड्या छटांत टिकून आहे त्या छटा म्हणजे कणांची विरळ-दाट वस्तीच. जीर्णोद्धारकांनी यंत्राच्या सरसकट गाळणीपेक्षा हाताने, चौकटीमागून चौकट, सहा महिने काम केले. आणि जेथे दोष काढल्याने चित्राचा नैसर्गिक गुण बिघडला असता तेथे दोष तसाच राहू दिला. शेंदराची कवचे उतरवून मूळ मूर्ती मोकळी करणारा जाणता माणूस मूर्तीवरचे छिन्नीचे घाव घासत बसत नाही, तीच ही दृष्टी. मे २०१५ मध्ये, म्हणजे ‘पथेर पांचाली’च्या साठाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ही त्रयी पुन्हा पडद्यावर आली आणि त्याच वर्षी तबकड्यांवरून घरोघरी पोहोचली.

महाराष्ट्राला ही हकीकत परकी नाही. पुण्याच्या ज्या आवारात एके काळी प्रभात फिल्म कंपनी नांदली, त्याच आवारातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या भांडारास ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली आणि मूकपटांच्या व आरंभीच्या बोलपटांच्या अस्सल फिती भस्मसात झाल्या. प्रभातचे वैभव आज प्रायः नकलांच्या रूपाने आपल्या हाती आहे. दामले आणि फत्तेलाल यांच्या ज्या ‘संत तुकाराम’ने १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळविला, त्याच्या प्रतींवर कॅमेऱ्याचा ग्रेन आहे, नकलांचा आहे, ओरखडे आहेत, आणि कित्येक पिढ्यांच्या प्रक्षेपकांतून फिरल्याच्या खुणाही आहेत. ओरखडे काढावेत, धूळ काढावी, हलणारी चौकट स्थिर करावी, याविषयी दुमत होणार नाही. परंतु विष्णुपंत पागनीस यांच्या मुद्रेवर जो तन्मयतेचा प्रकाश आहे तो त्या कणांत आहे, आणि तो एकदा गुळगुळीत झाला तर परत आणण्यासाठी मूळ निगेटिव्हचा आधार आपल्यापाशी उरलेला नाही. ही जोखीम अमेरिकी संस्थांच्या जोखमीहून फार मोठी आहे. त्यांनी ‘पॅटन’ बिघडविला तरी निगेटिव्ह तिजोरीत होते.

सुदैवाने आपल्याकडेही आता समज वाढली आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’चा जीर्णोद्धार केला, तेव्हा त्याचे छायालेखक गोविंद निहलानी यांच्या देखरेखीखाली तो झाला, आणि २०२४ साली कान येथे तो दाखविण्यात आला, चित्र मुळात कसे होते हे सांगू शकणारा माणूस हयात असतानाच त्याला विचारले गेले, हे विशेष. मराठी चित्रपटांच्या अनेक छायालेखकांच्या बाबतीत ती संधी निघून गेलेली आहे, आणि ज्यांच्या बाबतीत अजून आहे त्यांच्याकडे कोणी तरी लवकर जावयास हवे.

म्हणून ज्यांच्या ताब्यात हे धन आहे त्यांच्याकडे माझा तगादा तीन गोष्टींसाठी आहे. स्कॅन केलेले मूळ चित्र, कोणतीही सफाई करण्यापूर्वीचे, स्वतंत्रपणे कायम जतन करावे. तबकडीवर किंवा प्रक्षेपणाच्या आरंभी हे चित्र कोणत्या फितीवरून, किती पिढ्यांच्या नकलेवरून घेतले आणि त्यावर काय संस्कार केले, याचा तपशील छापावा. आणि नको असलेला ग्रेन काढण्याचा निर्णय यंत्र चालविणाऱ्यावर न सोडता चित्रपट जाणणाऱ्या माणसाच्या सहीने व्हावा. वाचकांनाही एक विनंती करतो. हल्लीचे बहुतेक दूरदर्शनसंच दुकानातून येतात तेव्हाच त्यांत ‘नॉइज रिडक्शन’ आणि ‘मोशन स्मूदिंग’ या सोयी चालू करून ठेवलेल्या असतात, आणि निष्ठेने जपलेला ग्रेनही त्या घरच्या घरी पुसून टाकतात. यापुढे जुना चित्रपट पाहावयास बसण्यापूर्वी त्या दोन्ही बंद करून घ्या.